'जाणे' या क्रियापदाची नोंद

पंखा बंद करायचा, ही पहिली अट.
इंदूरचा मे, महू नाक्यामागची पत्र्याची खोली,
आणि सुबेदार हरमलसिंग बनियनवर,
मायक्रोफोनपासून वीतभर लांब.
रेडिओत तीस वर्षं मी लोकांचे खोकले कापले;
इथे खोकलासुद्धा ठेवायचा, असं प्रकल्पाच्या कागदात आहे.

भाषेचं नाव?
"नाव कसलं, ताई. आपलं बोलणं."
रकान्यात तेच लिहिलं : आपलं बोलणं.
बोलणारे किती?
त्यांनी पेरांवर मोजलं. एक हात भरला, दुसरा अर्धा,
मग एक पेर मागे आले :
"बहीण. मागच्या थंडीत."

मी म्हटलं, 'जाणे'ला काय म्हणता?
"कुठे जाणे?"
कुठेही. नुसतं जाणे.
"नुसतं कोण जातं?
माणूस वर जातो, कुरणाकडे, मेंढ्या घेऊन.
खाली जातो, मीठ देऊन धान्य आणायला.
नाहीतर उताराच्या आडवा, पलीकडच्या गावात, सोयरिकीला."
तीन शब्द. तीनही सांगितले, दोनदा, सूर बदलून;
ते सूर देवनागरीत बसत नाहीत,
म्हणून इथे लिहीत नाही.

पण इंदुरात काय करता? इथे तर सगळं सपाट.
"तुम्हाला सपाट. मी सायकल मारलीय.
कृष्णपुऱ्याच्या पुलावर खाली जायचं, राजवाड्याला वर.
देवगुराडिया वरच.
अन्नपूर्णेला आडवं."
आणि महूला?
इथे एक्केचाळीस सेकंद काही नाही.
म्हणजे आहे : रस्त्यावर कढईवर झारा आपटतोय,
कुणीतरी 'भिया' म्हणून हाक मारतंय.
"महूला आमची पलटण होती. महूला वर."

क्रियापदाला पुन्हा शेपूट.
डोळ्यांनी पाहिलं तर एक,
कुणाकडून कळलं तर दुसरं.
आणि खोटं बोलायचं असलं तर?
"तर शेपूट चुकतं. आई तिथेच पकडायची."

घरी भाकरी थापताना मी माझीच वाक्यं तपासू लागले.
दूधवाला आला. पाहिला का? नाही, घंटी वाजली.
वन्सं मजेत आहेत. कुणी पाहिलंय!
मुलगा आतून ओरडला,
"आई, किससे बात कर रही हो?"
त्यातला पहिला शब्द अजून आपला आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पुतण्याचा फोन.
"चाचा नहीं रहे."
मी त्रेसष्टावी फाइल ऐकत होते, त्यात ते
जवाची दारू कशी गाळतात ते सांगत होते,
मध्येच स्वतःशी हसत.
हेडफोन काढला नाही.

आपल्यात केवढं सोपं असतं : गेले.
पाहिलं की ऐकलं, कुणी विचारत नाही.
चेष्टेत 'वर गेले' म्हणतात, तेव्हाही
कुणी चढ मोजत नाही.

वही घेतली. म्हटलं, त्यांच्या बोलण्यात
एक वाक्य आपलं आपण करून बघू.
शेपूट ठरलेलं होतं : ऐकलेलं.
पण शब्द कोणता?
यादीत प्रश्न होता, दोनशे बारावा :
मेलेला माणूस कोणत्या दिशेने जातो.
त्या दिवशी लाइट गेली
आणि आम्ही दोनशे तेरावर गेलो, कुत्र्यांच्या नावांवर.
आम्ही गेलो. तेही आडवंच असणार.

पुतण्याला विचारलं. त्याला येत नाही;
तो इंदूरचा, माझ्यासारखाच.
म्हणाला, गावात चंद्रमा बुवा आहे, तिला माहीत असेल,
पण ती अजून वरच्या घरात,
ऑक्टोबरात खाली येते, मग रेंज मिळते.
हे मी पाहिलेलं नाही. त्याने सांगितलं.

दोनशे बारासमोर पेन्सिलीने टिंब दिलंय.
फाइल पुढे चालू आहे, दारू गाळून झाली,
आता ते मला विचारतायत,
"ताई, उकडतंय का? लावू पंखा?"
आणि माझा आवाज, जरा तुटक :
नको, थांबा, रेकॉर्डिंग चालू आहे.